सत्तेचाळीस नंबरची नळी

माझं काम विचारलंत तर
मिठात जगणाऱ्यांची शिरगणती.
अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस खंड,
मग पुन्हा अकरा.
तो खंडाचा दिवस मी दरवेळी
दापोलीच्या बाजारात, काहीही विकत न घेता काढते.

केळशीच्या खाडीलगत, उघाडीपाशी,
खलफेचाचांचं भात खारात उभं असतं.
बियाणं त्यांच्या पणजोबांच्या वेळचं, दाणा तांबडा,
नाव विचारलं तर म्हणतात, "आमचं."
मी मुळं मागते. ते चार रोपं उपटून देतात
आणि माझ्या क्षारमापकाकडे बघत बघत
बोटभर माती जिभेला लावतात. थुंकतात.
"अवंदा जास्त हाय."
यंत्राचे आकडे जरा हलतात, डुलतात,
मग तेच म्हणतात.

मुळं धुवायची, वाटायची, पातळ करायची
दहापट, पुन्हा दहापट, पुन्हा,
इतकी की शेवटच्या थेंबात एखादाच जीव उरावा
आणि आगरच्या बशीवर एकट्याने वाढावा.
आईला फोनवर सांगितलं होतं, आगरावर काम असतं.
तिला वाटलं, पोफळींना शिंपणं करते.
वर्षभर मी तो गैरसमज तसाच ठेवला,
ऐकायला बरा होता.

सत्तेचाळिसावा जीव फिकट पिवळा.
पाच दिवस दिसलाच नाही,
पण सात टक्के मिठात वाढला.
तो लावलेली रोपं कुंडीत टिकली,
न लावलेली करपून गेली.
एकदा.
दुसऱ्यांदा दोन्ही मेली.
तिसऱ्यांदा दोन्ही जगली, आणि हंद्रेकर मॅडम
चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत राहिल्या.
वहीत तिन्ही वेळा लिहिलंय. पेनाने.

मग ते वादळ. चार दिवस वीज नाही.
जनरेटरचं डिझेल दुसऱ्या दुपारी संपलं.
फ्रीजरवर 'उघडू नये' असा कागद चिकटवून
आम्ही समोर बसलो,
आजाऱ्याच्या खोलीबाहेर बसतात तसे.
तिसऱ्या पहाटे थर्माकोलचा खोका स्कूटीला बांधला,
दोनशे बारा नळ्या,
आणि आडवे झालेले सुरू चुकवत
हर्णैला, बर्फाच्या कारखान्यात.

रात्रपाळीला रोहिदास पावसे होता.
त्याने झाकण उचकटून पाहिलं.
"कोलंबीचं बी काय?"
म्हटलं, जीव आहेत, बारीक. मिठात जगतात.
वितळले तर हातचे जातील.
त्याने लादी फोडली, भुगा केला,
कोपऱ्यातलं पोतं ओढलं
आणि ओंजळी ओंजळी जाडं मीठ बर्फावर फेकलं.
मी ओरडले असेन.
"मीठ घातलं की बर्फ अजून गारठतो, मॅडम.
शालेत नाय शिकवलं?"
शिकवलं होतं.
थर्मामीटर खुपसला.
शून्याखाली सात. अकरा. पंधरा.

पाच वर्षं मी मिठाविरुद्ध अर्ज लिहितेय,
प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या ओळीत ते शत्रू.
सुरमईच्या दोन पेट्यांमध्ये उकिडवी बसून
मी त्या ओल्या खड्यांत हात घातला,
बधिर होईपर्यंत काढला नाही.

वीज आली. दोनशे बारांतल्या एकशे ऐंशी उगवल्या.
सत्तेचाळीस काही केल्या उगवेना.
सातवा दिवस नेमका माझ्या खंडाचा.
त्या दिवशी मी कागदोपत्री कोणीच नसते,
तरी बाजाराकडे न वळता वर गेले.
हजेरीवर सही नाही.
बशीच्या कडेला, मोहरीहून लहान,
एक फिकट पिवळा ठिपका.

आता चौथ्यांदा कुंड्या भरायच्यात.
चाचांना फोन केला, मुळं हवीत म्हटलं.
"ये," म्हणाले, "ओहोटी बघून ये.
आणि ते यंत्र ठेव घरी."